नाकसाहेबांचं नाक रजेवर

डेअरीच्या फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला कमरेइतका उंच सिमेंटचा ओटा होता, आणि रोज सकाळी साडेपाच ते आठ त्या ओट्यावर देवापेक्षा जरासाच कमी अधिकार असलेला एक माणूस उभा असे. हजेरीपटावर त्यांचा हुद्दा 'दूध स्वीकृती तपासनीस' असा होता, पण पगाराच्या चिठ्ठीबाहेर तो कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. गवळ्यांपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत. वरवर पाहता त्या नाकात विशेष काही नव्हतं. मध्यम आकाराचं, चष्म्याच्या ओझ्याने किंचित दबलेलं, सर्दीच्या दिवसांत आपल्यातुपल्यासारखंच वाहणारं. पण त्याच्या जोरावर डेअरीची दहा हजार लिटरची टाकी सव्वीस वर्षांत एकदाही नासली नव्हती.

काम दिसायला सोपं. गवळी आपला कॅन ओट्यावर चढवायचा आणि तीन पावलं मागे, पिवळ्या रेघेपलीकडे जाऊन उभा राहायचा. त्याच्या घामाचा, विडीचा नि डोक्याच्या तेलाचा वास कामात लुडबुडू नये म्हणून ती रेघ. मग नाकसाहेब झाकण उचलायचे, डोळे मिटायचे, मान कॅनमध्ये घालून एक लांबलचक श्वास घ्यायचे, तो तिथेच कॅनमध्ये सोडायचे आणि मान वर काढून एक अक्षर बोलायचे. 'हं' म्हटलं की दूध टाकीत. 'छे' म्हटलं की झाकण बंद, कॅनवर खडूची फुली आणि दूध आल्या वाटेने परत. त्यावर अपील नाही. एकदा तर त्यांनी 'छे' म्हणून वर "काल हा कॅन रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवला होता," असंही सांगितलं होतं, आणि त्या गवळ्याने सगळ्यांदेखत स्वतःचे कान धरले होते.

असं नाक सांभाळायचं म्हणजे घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं त्यांच्या घरात लसूण आलेला नव्हता. अत्तर नाही, वासाचा साबण नाही, गजरा नाही. बायकोने एकदा हौसेने गुलाबाच्या वासाची पावडर आणली, तर नाकसाहेब तीन दिवस बाहेरच्या खोलीत झोपले. "माझं लग्न माणसाशी लावलं की नाकाशी, हेच मला अजून कळलेलं नाही," असं ती माहेरी सांगायची, आणि माहेरचेही यावर काही ठाम उत्तर देत नसत.

तर अशा घरात ताप आला. विषाणूचा, साधाच, सगळ्या गल्लीत घरोघरी हिंडत होता तसा यांच्याकडेही आला. नवराबायको दोघंही आठ दिवस आडवी झाली, नवव्या दिवशी उठली. दहाव्या दिवशी सकाळी नाकसाहेब स्वयंपाकघरात शेगडीशेजारी पेपर वाचत बसले होते, बायको समोर बसून भाजी निवडत होती, आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी धाडधाड दार वाजवत आले.

"अहो, काय जळतंय तुमच्याकडे? आमच्या घरात बसवेना!"

दोघांनी शेगडीकडे पाहिलं. पातेल्यातलं दूध जळून कोळसा झालं होतं आणि पातेलंही त्याच वाटेवर होतं. नाकसाहेबांचं नाक त्यापासून दीड हातावर होतं.

त्यांनी पातेल्यावर नाक धरलं. काही नाही. फिनेलची बाटली उघडली. काही नाही. मोरीत वाकले, कचऱ्याच्या डब्यात वाकले, शेवटी कपाटातला स्वतःचाच जुना बूट नाकाला लावून खाली बसले.

"अगं, गेलं," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"नाक गेलं माझं!"

"माझंही गेलंय की. चार दिवस झाले," बायको शेंगा मोडत म्हणाली. "चवही नाही कशाला. पण मला कुणी विचारलंय का?"

डॉक्टरांनी टॉर्च मारून आत पाहिलं आणि नाक जागेवर असल्याचा निर्वाळा दिला. "या तापात वास जातो काहींचा. येईल परत."

"कधी?"

"कुणाचा पंधरा दिवसांत येतो, कुणाला वर्ष लागतं. घाई करून उपयोग नाही."

"आणि तोंडाची चव? जेवताना ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं."

"चवीचं बरंचसं काम नाकच करत असतं हो."

जिभेच्या वाट्याचं कामही इतकी वर्षं आपलंच नाक करत होतं, हे ऐकून नाकसाहेबांना त्या अवस्थेतही थोडा अभिमान वाटला. डॉक्टरांनी व्यायाम दिला. चार बाटल्या घ्यायच्या, एकीत लिंबाची साल, एकीत लवंग, एकीत गुलाब, एकीत निलगिरी, आणि सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगत तो वास आठवायचा. नाकसाहेबांनी तो मन लावून केला. तिसऱ्याच दिवशी ते ओरडले, "अगं, लवंग! लवंग येतेय जराशी!"

"ती बाटली रिकामी आहे," बायको म्हणाली. "लवंगा काल मी चहात टाकल्या."

रजा संपत आली तशी खरी काळजी सुरू झाली. मॅनेजरच्या टेबलाच्या खणात वास घेणाऱ्या यंत्राचं रंगीत माहितीपत्रक दोन वर्षांपासून पडून होतं. यंत्र आलं की नाकसाहेबांची रवानगी मागच्या बाजूला, कॅन धुण्याच्या हौदावर होणार, हे ठरलेलं होतं. ज्या कॅनमध्ये सव्वीस वर्षं ताठ मानेने नाक घातलं, तेच रिकामे कॅन आता कुंच्याने घासायचे! निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"सांगायचं नाही," नाकसाहेब म्हणाले. "कुणालाही नाही. येईल तोवर रेटायचं."

"माझ्या तोंडून नाही फुटायचं," बायको म्हणाली. "फक्त ताईला सांगितलंय फोनवर."

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. तिच्याकडे प्रत्येक रोगावर एक उपाय असे आणि बहुतेक वेळा तो एकच असे: रोज सकाळी अनशापोटी कच्च्या लसणाच्या चार पाकळ्या चावून खायच्या. बावीस वर्षांनी त्या घरात लसूण आला तो असा, औषध म्हणून, मानाने. नाकसाहेबांनी पहिल्या दिवशी भीत भीत चार पाकळ्या चावल्या. चव नाही, वास नाही, पण जीभ थोडी चुरचुरली.

"काहीतरी जाणवलं!" ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आठ पाकळ्या. आठवड्याभरात अख्खा गड्डा. घरात दोनच माणसं, दोघांचीही नाकं संपावर. त्या घराला आणि त्या माणसाला कसला दरवळ सुटला होता, हे सांगायला तिथे कुणीच नव्हतं.

अशा रीतीने पोटात एक गड्डा लसूण घेऊन नाकसाहेब कामावर हजर झाले. पहिला कॅन आला. झाकण उघडलं, मान आत घातली, लांब श्वास घेतला, सोडला. कॅनमध्ये दूध होतं एवढंच कळलं, तेही डोळ्यांनी. सवयीने 'हं' म्हणून गेले. पाच-सहा 'हं' झाल्यावर त्यांना घाम फुटला. सगळ्यालाच 'हं' म्हणून कसं चालेल? टाकी नासली म्हणजे?

सव्वीस वर्षांत त्यांनी हे काम डोळे मिटून केलं होतं. आता पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवले आणि पिवळ्या रेघेपलीकडे पाहिलं. तिथे एक जाडजूड गवळी उभा होता आणि स्वतःच्या कॅनकडे सोडून जगात सगळीकडे बघत होता.

"छे," नाकसाहेब म्हणाले.

गवळ्याचा चेहरा पडला. "साहेब, रात्रीचं थोडं मिसळलं होतं. एकदाच. चुकलो!"

नाकसाहेब चकित झाले, पण दाखवलं नाही. त्या दिवसापासून कॅनमध्ये मान घालणं नुसतं नावापुरतं राहिलं. खरी तपासणी चेहऱ्यांची. कोण नखं खातो, कोण उगाच हवापाण्याच्या गप्पा काढतो, कुणाची टाच हलते. डोळा चुकवला की छे. गवळ्यांनाही हे हळूहळू उमगलं. "साहेब आता दुधाचा नाही, माणसाचा वास घेतात," असं ते दबक्या आवाजात बोलू लागले. एकाने ढगाळ हवेत काळा चष्मा लावायला सुरुवात केली. एक शीळ घालत यायचा, आणि शीळ इतकी बेसूर असायची की तेवढ्यावरच त्याचा कॅन परत जाई. एकदा विचारांच्या तंद्रीत नाकसाहेब झाकण उघडायलाच विसरले आणि समोरच्याचं तोंड बघून "छे" म्हणाले. रेघेपलीकडचे सगळे एकमेकांकडे बघू लागले. झाकण न उघडता! गवळ्याने कॅन उचलला आणि साष्टांग नमस्काराच्या बेताने मागच्या मागे सरकत गेला.

पण या सगळ्यावर कळस चढवला तो लसणाने. परत गेलेला कॅन गवळी रस्त्यात थांबून उघडायचाच. आपलं नक्की काय चुकलं हे बघायला कुणाला नको असतं? झाकण उघडलं की आतून लसणाचा असा भपकारा यायचा की सायकल हातातून सुटावी. कारण नाकसाहेबांनी श्वास सोडायचा तो नेहमीच्या शिस्तीत कॅनमध्येच, आणि वर झाकण घट्ट बंद. गाईच्या पोटात लसणाची पात किंवा रानकांदा गेला की दुधाला वास लागतो, हे तर लहान पोरालाही ठाऊक. जो तो कपाळावर हात मारून घ्यायचा. "मला घरी कळलं नाही, पण त्यांना बरोबर कळलं! नाक म्हणजे नाक आहे बाबा!" जितके कॅन परत गेले तितके साक्षीदार तयार झाले. आणि जे दूध स्वीकारलं जायचं ते टाकीच्या सागरात मिसळून जायचं, त्याची तक्रार कोण करणार?

मॅनेजर हादरले. त्यांनी फळ्यावर सूचना लावली: 'परिसरातील जनावरांच्या खाण्यात लसूण येत असल्याचे आढळले आहे. संबंधितांनी दक्षता घ्यावी.' संबंधितांनी इतकी दक्षता घेतली की कुरणं बोटभर गवतासकट विंचरून काढली. काहींनी घरच्या स्वयंपाकातूनही लसूण हद्दपार केला, न जाणो गाय खिडकीतून तोंड घालायची. भाजीवाला नाकसाहेबांच्या बायकोला म्हणाला, "बाई, लसूण आता एकट्या तुम्हीच नेता बघा. तुमच्यासाठी म्हणून ठेवतो." मॅनेजरने यंत्राचं माहितीपत्रक खणातून काढून रद्दीत घातलं.

आणि याच दिवसांत एक बाई मध्ये सापडली. तिला सगळे चिंतामावशी म्हणत. एक गाय, दोन छोटे कॅन, आणि ते सायकलला लावून ती रोज सातला पाच मिनिटं कमी असताना यायची. अकरा वर्षांत तिचा कॅन एकदाही परत गेला नव्हता. पण मावशीचा चेहरा जन्मतःच काळजीचा. सूर्य उगवला तरी ती त्याच्याकडे 'आता कसं होणार' अशा नजरेने बघायची. नाकसाहेबांनी तिला अकरा वर्षं 'हं' म्हटलं होतं, पण तिच्याकडे पाहिलं कधी नव्हतं. त्यांनी पाहिलं: कपाळावर सात आठ्या, ओठ चावलेला, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलेलं.

"छे," ते म्हणाले.

मावशीने दोन्ही कॅन मुकाट्याने उचलले. दुसऱ्या दिवशी ती कॅन उकळत्या पाण्याने तीनदा धुऊन, रात्रभर काळजी करून आली. आठ्या सातच्या अकरा झाल्या होत्या. छे. तिसऱ्या दिवशी छे. चौथ्या दिवशी बिचारीचा चेहरा असा झाला होता की नाकसाहेबांना झाकणाला हातही लावावा लागला नसता. पण त्यांनी रीत म्हणून मान घातली, श्वास घेतला, सोडला. छे.

या वेळी मावशी कॅन उचलता उचलता थांबली. "साहेब, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "घरी जाऊन उघडते तर लसूणच येतो. मी गाईला हाताने निवडून गवत घातलं, साहेब. दावणीला बांधून ठेवली. तरी येतोच. आता तिच्या अंगातच भिनलाय म्हणायचा. आज दुपारी गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकते तिला."

"लसूण?" नाकसाहेब म्हणाले. फळ्यावरची सूचना त्यांनीही वाचली होती, पण लोकांच्या गाई काय खातात याच्याशी आपला संबंध असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही मान काढली की येतोच बघा वास. सुरुवातीला मला वाटलं, भास होतोय." मावशीने डोळे पुसले आणि सायकल फाटकाबाहेर काढली.

पुढचा कॅन ओट्यावर चढला. नाकसाहेबांनी झाकण उचललं, मान आत घातली, आणि श्वास सोडता सोडता त्यांना सकाळचा गड्डा आठवला. ते तसेच कॅनमध्ये तोंड घालून इतका वेळ राहिले की मागच्या गवळ्यांना वाटलं, साहेब काहीतरी फार जुनं हुडकतायत.

त्या दिवशी बाकीचे सगळे कॅन 'हं' झाले, अगदी काळ्या चष्म्याचासुद्धा. आठ वाजता त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

"मग गप्प बसा आणि लसूण बंद करा," बायको म्हणाली. "वास जाईल, दोन दिवसांत सगळं निवळेल."

"आणि गाय?"

बायकोने ताट वाढायला घेतलं. मग म्हणाली, "जेवून जा. नाहीतरी कशाची चव नाही, लवकर होईल."

मावशीचं घर कालव्यापलीकडे होतं. दुपारी नाकसाहेब पोचले तेव्हा गिऱ्हाईक गाईचे दात मोजत होतं. हा एक उंच, खोकणारा माणूस होता. मावशी खांबाला टेकून उभी होती आणि गाय तिचा पदर चघळत होती. नाकसाहेब स्वतः चालत गोठ्यात आलेले पाहून गिऱ्हाइकाने गाईचं तोंड सोडलं आणि टोपी काढली.

"मावशी, गाय विकू नका," नाकसाहेब म्हणाले. "लसूण गाईच्या पोटात नाही. माझ्या पोटात आहे."

कुणालाच काही कळलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं: ताप, पातेलं, ताईचा उपाय, चेहरे. मावशी ऐकत राहिली आणि शेवटी हात जोडून म्हणाली, "किती मोठं मन, साहेब! माझी गाय वाचावी म्हणून स्वतःच्या नाकाला बट्टा लावताय."

"अहो, खरंच येत नाही मला वास!"

"असं कसं होईल?" गिऱ्हाईक म्हणालं. "झाकण न उघडता ओळखता तुम्ही. माझ्या साडूचाच कॅन होता तो."

खोटं इतकं मुरलं होतं की खरं कुणी घेईना. शेवटी नाकसाहेबांनी खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या डोळ्यांवर बांधला. "आणा काहीही. लावा नाकाला."

मावशीने घासलेट आणलं. नाकसाहेबांनी हुंगलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "पाणी?" गिऱ्हाईक चमकलं. मावशीने ताजं शेण आणलं. "माती असावी." मग कापलेला कांदा. डोळ्यांतून पाणी आलं, पण नाव काही आलं नाही. गिऱ्हाइकाला आता भलताच उत्साह चढला. त्याने एका पायातला बूट काढला, आणि तो उघड्यावर येताच गाय दावं ताणून मागे सरकली. नाकसाहेबांनी तो बूट दोन्ही हातांनी धरून खोल श्वास घेतला.

"लिंबू?" ते आशेने म्हणाले.

मावशीच्या हातातला कांदा खाली पडला. "अगं बाई! खरंच गेलंय की!"

मग नाकसाहेबांनी रुमाल काढला, ताज्या दुधाचा पेला मागितला, त्यात एक लांब उसासा टाकला आणि पेला मावशीच्या पुढे केला. तिने नाक जवळ नेलं मात्र, अकरा आठ्या एकदम पुसल्या गेल्या. ती खो खो हसत सुटली, ती इतकी, की तिला खाली बसावं लागलं. आणि हसू संपल्यावर उठली ती अशी कडाडली की गिऱ्हाईक बूट न घालताच अंगणाच्या कडेला गेलं.

"चार दिवस! चार दिवस मी या मुक्या जिवाला बोलले! काल काठी उचलली होती मी तिच्यावर! तुमचं एक नाक, त्याची तुम्हाला एवढी लाज? आमची गाय उठून जात होती घरातून! उद्या सकाळी हेच सगळ्यांपुढे सांगायचं. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर बूटही सांगेन."

"मीच सांगतो," नाकसाहेब म्हणाले. गिऱ्हाइकाने गाईकडे एकदा पाहून आणखी काही बोलायचा प्रयत्न केला, पण मावशीने त्याला नुसता रस्ता दाखवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे लसूण न खाता नाकसाहेब ओट्यावर चढले, आणि पहिला कॅन यायच्या आधी त्यांनी मॅनेजरसकट सगळ्यांना एका दमात सगळं सांगून टाकलं. शीळवाल्याची शीळ मध्येच तुटली. काळ्या चष्मेवाल्याने चष्मा काढून खिशात घातला. "म्हणजे माझं दूध चांगलं होतं?" असे वीसेक आवाज एकदम उठले. त्यातला जाडजूड गवळी मात्र काहीच बोलला नाही, कारण त्याचं नव्हतं.

मॅनेजर हताश होऊन म्हणाले, "अहो, मी ते माहितीपत्रक रद्दीत घातलं हो!" मग आत जाऊन त्यांनी निकाल दिला. नाक परत येईपर्यंत नाकसाहेब हौदावर. तोवर प्रत्येक कॅनमधलं वाटीभर दूध प्रयोगशाळेच्या बाईंनी शेगडीवर उकळून बघायचं; फाटलं तर परत, नाही फाटलं तर घ्यायचं. एकेका कॅनला पाच-पाच मिनिटं लागू लागली आणि रांग फाटकाबाहेर गेली. नाकसाहेब बाह्या वर करून हौदावर कॅन घासत होते आणि रांगेतला प्रत्येक जण जाता जाता त्यांना काही ना काही ऐकवत होता.

मावशीचा नंबर आला. तिचं दूध उकळलं, फाटलं नाही, फसफसून वर आलं. प्रयोगशाळेच्या बाईंनी दोन्ही कॅन टाकीत ओतायला लावले, आणि वाटीत उरलेलं दूध, शेवटचा शब्द साहेबांचा या जुन्या सवयीने, हौदाकडे नेऊन नाकसाहेबांच्या पुढे धरलं. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन त्या गोंधळल्या. सगळी रांग माना वळवून बघायला लागली.

नाकसाहेबांनी ओले हात पँटला पुसले, वाटी घेतली आणि एक घोट प्यायले. बराच वेळ तोंडात घोळवला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"तेवढं बरोबर सांगितलंत," चिंतामावशी म्हणाली, आणि आपले दोन्ही रिकामे कॅन धुवायला त्यांच्या पुढ्यात ठेवले.